कुमसारानंतरचा सोमवार

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात काही दिवसांपूर्वी एका वाचकाने, मूळ विषय वेगळाच असताना, जाता जाता असे लिहिले होते की ख्रिस्ती माणसाचे बरे असते. शनिवारी पाद्रीकडे जाऊन पापे सांगायची (आम्ही याला कुमसार म्हणतो), रविवारी प्रसाद घ्यायचा आणि सोमवारपासून मागील पानावरून पुढे चालू. ते वाक्य वाचून मला प्रथम हसू आले, कारण आमच्या वाड्यावर हेच बोलणे याहून तिखट कोंकणीत मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, आणि तेही ख्रिस्ती माणसांच्याच तोंडून. नंतर मात्र ते वाक्य मनातून जाईना. त्या वाचकावर माझा राग नाही. आमच्याकडे पाहून त्यांना तसे वाटले असेल, तर दोष त्यांच्या नजरेचा नाही. पण त्या टोमण्यामागे ख्रिस्ती धर्मातील कृपेच्या शिकवणीविषयी जी समजूत आहे ती चुकीची आहे, आणि आम्हा ख्रिस्ती लोकांमध्येही ती तेवढीच खोल रुजलेली आहे. म्हणून पत्र लांबले तरी छापावे, अशी विनंती करतो.

मी गोव्यातील तिसवाडीच्या एका गावातला निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. माझी प्रार्थना कोंकणीत होते आणि लिहिणे-वाचणे मराठीत, कारण गोवा मुक्तीनंतर ज्या सरकारी शाळेत मी बसलो ती मराठी होती. ख्रिस्ती माणसाने धर्माविषयी मराठीत लिहावे याचे कोणाला नवल वाटू नये. फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण 1616 साली राशोलला छापले गेले, ते मराठी ओव्यांतच. दोन्ही भाषांत वावरल्यामुळे काही शब्द मला दोनदा भेटतात. आमच्या घरी संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होतो तेव्हा ‘नमान मोरिये, कुर्पेन भरल्ले’ ही प्रार्थना एका बैठकीत त्रेपन्न वेळा म्हटली जाते. त्यातली ‘कुर्पा’ म्हणजे आपली ‘कृपा’ हे मला शाळेत गेल्यावर कळले, आणि तो शब्द मराठीत कसा चालतो हे त्याहून पुष्कळ उशिरा ध्यानात आले. मराठीत आपण कर्ज फेडतो, उपकार फेडतो, नवस फेडतो, आईवडिलांचे पांग फेडतो. कृपा फेडली असे मात्र कोणी म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

उपकार झाला की देणारा आणि घेणारा यांच्यात एक खाते उघडते. आज ना उद्या ते चुकते करावे लागते, आणि चुकते होईपर्यंत घेणाऱ्याची मान थोडी खालीच राहते. कृपेत असे खाते नसते. संत पौलाने एफिसकरांना लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, माणसाचे तारण कृपेने झाले आहे, ते देवाचे दान आहे आणि त्याबद्दल कोणी बढाई मारू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. त्याच्या लगेच पुढचे वचन असे की जी सत्कृत्ये देवाने आधीच योजून ठेवली ती आचरण्यासाठी आपली घडण झाली आहे. पहिली दोन वचने आमच्यातील बहुतेकांना तोंडपाठ असतात. तिसऱ्यापर्यंत फार थोडे पोचतात.

गोव्यातल्या माणसाला, मग तो देवळात जाणारा असो की इगर्जीत, नवसाचा व्यवहार जवळचा वाटतो. आम्ही त्याला आंगवण म्हणतो. म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीच्या (मरियामातेच्या) फेस्ताला हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही आपापली आंगवण घेऊन येतात. माझ्या आईने मी सहा वर्षांचा असताना तापातून उठावा म्हणून आंगवण केली होती आणि ती चालत जाऊन फेडली होती. त्या श्रद्धेला हसण्याची माझी योग्यता नाही. पण नवसाची सवय जडलेले मन आज्ञापालनाकडेही नवस म्हणूनच पाहू लागते. मी उपवास केला, मीस (इगर्जीतली उपासना) चुकवली नाही, कोरेज्मात, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात, मांस वर्ज्य केले, तेव्हा आता देवाने माझे ऐकावे, असा हिशेब मनात तयार होतो. याच हिशेबाचे दुसरे टोक म्हणजे तो सोमवार: देवाने क्षमा केलीच आहे, खाते कोरे झाले आहे, आता नवी उधारी करायला हरकत नाही. दोन्ही टोकांना वहीच उघडी असते.

बायबलमध्ये या गोष्टींचा क्रम फार काळजीपूर्वक ठेवलेला आहे. दहा आज्ञा ज्या वाक्याने सुरू होतात, ते वाक्य आज्ञेचे नाही. तुम्हाला मिसर देशातून, दास्याच्या घरातून ज्याने बाहेर आणले तोच मी परमेश्वर आहे, असे ते वाक्य सांगते. लोक मिसर सोडून आल्यानंतर तिसऱ्या महिन्यात सीनाय डोंगराशी पोचले आणि मग त्यांना आज्ञा मिळाल्या. आज्ञा पाळल्यास सोडवीन, असा करार मिसरमध्ये कोणाशी झाला नव्हता. जक्कयाच्या गोष्टीतही हाच क्रम आहे. यरीहोचा हा मुख्य जकातदार उंबराच्या झाडावर चढून बसला होता, आणि येशूने त्याला खाली बोलावून आज तुझ्या घरी उतरायचे आहे असे सांगितले, तेव्हा त्याने कोणाचा एक पैसाही परत केलेला नव्हता. लोक कुरकुरले, त्याचे कारण तेच होते. परत करण्याची भाषा जक्कय नंतर बोलतो, आणि ती कशी बोलतो हे पाहण्यासारखे आहे. आपल्या हातून झालेली लुबाडणूक ज्याने स्वतःहून कबूल केली, त्याने मुद्दल आणि त्यावर पाचवा हिस्सा द्यावा, एवढेच मोशेच्या नियमशास्त्रात सांगितलेले आहे. जक्कय चौपट देतो, शिवाय अर्धी मालमत्ता गरिबांना वाटतो. ज्याच्यावर फेडण्याची सक्ती उरली नव्हती, तोच नियमापेक्षा जास्त द्यायला निघाला.

माणूस देवाला मान्य होतो तो कृपेने की सत्कृत्यांनी, या प्रश्नावर ख्रिस्ती जगात मोठे भांडण झाले. 1517 साली मार्टिन ल्यूथरने तोंड फोडलेल्या वादाच्या मुळाशी हाच प्रश्न होता. 1547 साली ट्रेंटच्या धर्मसभेने त्यावर कॅथलिक बाजूने निर्णय दिला. आणि 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे लुथरन जागतिक संघ आणि कॅथलिक चर्च यांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, तेव्हा माणूस कृपेनेच देवाला मान्य होतो आणि ती कृपा त्याला सत्कृत्यांसाठी समर्थ करते, एवढे दोघांनी मिळून मान्य केले. बारकावे अजून उरले आहेत, पण ते पंडितांचे काम आहे. मला आश्चर्य वाटते ते याचे, की साडेचारशे वर्षे भांडलेले दोन पक्ष जेथे येऊन पोचले, तेथे पौल पहिल्या शतकातच उभा होता. कृपा वाढावी म्हणून आपण पाप करीत राहावे काय, असा प्रश्न रोमकरांस लिहिलेल्या पत्रात तो स्वतःच विचारतो आणि कदापि नाही, असे उत्तरही देतो. म्हणजे आपल्या वाचकाचा टोमणा तसा जुनाच आहे.

अलीकडे काही प्रार्थनासभांत मला याच्या उलट सूर ऐकू येतो. आम्ही आता नियमाखाली नाही, कृपेखाली आहोत, तेव्हा आज्ञांची भाषा बोलणे म्हणजे परूशीपणा, म्हणजे नियमांचा कोरडा कर्मठपणा, आहे, असे तेथे कोणी ना कोणी मोठ्या उत्साहाने सांगतो, आणि बोलणारी माणसे मनाने चांगली असल्यामुळे त्यांना अडवणे जिवावर येते. जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर याने 1937 साली अशा कृपेला स्वस्त कृपा म्हटले होते. देशातले बहुसंख्य ख्रिस्ती लोक रविवारी गाणी म्हणून सोमवारी हिटलरच्या राज्याशी जुळवून घेत होते, त्या काळात तो हे लिहीत होता, आणि 9 एप्रिल 1945 रोजी वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी तो फाशी गेला. आमच्यापुढे तसला प्रसंग नाही. आमचे सोमवार साधे असतात. भाडेकरूकडून घ्यायची अनामत, मजुराला द्यायचे पैसे, शेजाऱ्याच्या कुंपणाचा दगड एवढ्यातच ते संपतात.

आज्ञापालन हा शब्द गोव्यात जपून उच्चारला पाहिजे, हे मला ठाऊक आहे. 1560 साली येथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मविरोधी आचरणाची चौकशी करून शिक्षा देणारे न्यायालय, आले आणि मधली चार वर्षे वगळता 1812 पर्यंत राहिले. त्या काळात धर्माची आज्ञा पाळवून घेण्यासाठी तुरुंग होते, दंड होते, दोषी ठरलेल्याला घालावा लागणारा सांबेनितचा अंगरखा होता, आणि शेजारी शेजाऱ्यावर नजर ठेवून होता. आमच्या किती तरी पूर्वजांनी त्या धाकाने मान तुकवली. आज त्याची आठवण काढली की काही ख्रिस्ती लोक अस्वस्थ होतात आणि काही हिंदू बांधव आमच्याकडेच बोट दाखवतात. मला दोन्ही प्रतिक्रिया समजतात. पण जी आज्ञा धाकाने पाळली जाते तिला शुभवर्तमानातील अर्थाने आज्ञापालन म्हणताच येत नाही, हे आमच्या धर्मगुरूंनी आम्हाला पुरेसे स्पष्ट करून सांगितले नाही असे माझे मत आहे. मुलांना आम्ही आज्ञा शिकवल्या त्या नरकाच्या भीतीने, आणि भीती ओसरल्यावर आज्ञाही ओसरल्या.

येथे पुन्हा भाषेचाच आधार घ्यावासा वाटतो. मराठीत आई म्हणते, ‘पोर माझे ऐकत नाही.’ पोराचे कान ठीक असतात. ते आज्ञा पाळत नाही, एवढेच तिला म्हणायचे असते. कोंकणीतले ‘आयकप’ही असेच दुहेरी आहे. इब्री भाषेतील ‘शमा’ या शब्दालाही ऐकणे आणि मानणे हे दोन्ही अर्थ आहेत, आणि ‘हे इस्राएला, ऐक’ ही यहुद्यांची रोजची प्रार्थना त्याच शब्दाने सुरू होते. आईचे ऐकणारे मूल, आई मला मुलगा म्हणून ठेवून घेईल की नाही या चिंतेने ऐकत नसते. ते नाते आधीच ठरलेले असते. न ऐकणारे मूलही मूलच राहते, पण ते आईच्या बोलण्यापासून हळूहळू लांब जाते, आणि काही वर्षांनी तिने हाक मारली तरी त्याला ती ओळखू येत नाही.

बाणावलीला 1651 साली जन्मलेल्या संत जुझे वाझ यांनी 1677 मध्ये स्वतःच्या हाताने एक कागद लिहून दिला आणि त्यात स्वतःला मरियेचा कायमचा दास म्हणून बांधून घेतले. त्या काळच्या गोव्यात खरे गुलाम विकले जात होते. दास म्हणजे काय, हे त्यांनी रस्त्यावर पाहिलेले असणार. तरी त्यांनी तोच शब्द निवडला. 1687 साली ते मजुराच्या वेषात श्रीलंकेत उतरले, कारण डच सत्तेने तेथे कॅथलिक पाद्रींना बंदी केली होती. कँडीत त्यांना पोर्तुगीजांचा हेर समजून कैदेत टाकण्यात आले. 1697 मध्ये देवीची साथ आली तेव्हा लोक सोडून गेलेल्या रोग्यांची शुश्रूषा त्यांनी केली. आणि 1711 साली ते तेथेच वारले. गोव्याला ते परत आले नाहीत. 2015 साली त्यांना संतपद मिळाले तेव्हा आम्ही फटाके वाजवले, पण त्या कागदाविषयी त्या दिवसांत मी कोणाला बोलताना ऐकले नाही.

माझे वडील खाजनात शेती करीत. ज्यांनी खाजन पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो, की खाडीच्या पातळीखालची ही जमीन चिखलमातीच्या बांधाने राखलेली असते आणि मानशीच्या दारांतून भरती-ओहोटीचे पाणी आवरले जाते. पावसाळ्याच्या सुरुवातीच्या सरींनी मातीतले मीठ धुऊन निघते आणि मगच कोरगुट हा खाजनातला भात पेरता येतो. तो पाऊस कोणी आणू शकत नाही. माणसाने सगळा उन्हाळा बांधावर घाम गाळला तरी ढगाला त्याचे देणे लागत नाही. पण कुर्ल्यांच्या बिळांनी पोखरलेला बांध कोणी बुजवला नाही, तर पावसाने धुतलेल्या त्याच शेतात पुढच्या मोठ्या भरतीला खारे पाणी घुसते, आणि वरून कितीही पाऊस पडला तरी पीक हाती लागत नाही. वडील मे महिन्यात बिळे शोधीत बांधावरून फिरत तेव्हा आपण पाऊस कमावतो आहोत असे त्यांच्या मनातही येत नसे. कृपा आणि आज्ञापालन यांविषयी मी जी प्रवचने ऐकली, त्यांपैकी फारच थोडी मला त्या बांधाइतकी समजली.

दोतोर्न, म्हणजे धर्मशिक्षण, शिकवताना मी मुलांना एक गणित फळ्यावर घालीत असे. मत्तयाच्या शुभवर्तमानात एका चाकराचे दहा हजार तलांतांचे कर्ज राजा माफ करतो आणि तोच चाकर बाहेर पडून आपल्या सोबत्याला शंभर दीनारांसाठी गळा धरून तुरुंगात घालतो, अशी गोष्ट आहे. एक तलांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार, आणि एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे माफ झालेले कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीएवढे होते. वर्षाला तीनशे दिवस काम धरले तरी फेडायला दोन लाख वर्षे लागली असती. (एका मुलाने विचारले होते की एवढे कर्ज त्याला दिले तरी कोणी, त्याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते.) हे गणित ऐकून मुले त्या चाकराला हसत, आणि दुसरी रक्कम क्षुल्लक होती असे समजून मीही पुढे जात असे. पुष्कळ वर्षांनी ध्यानात आले की शंभर दीनार क्षुल्लक नव्हते. शंभर दिवसांची मजुरी आज कोणी आपली बुडवली, तर आपण झोपणार नाही. त्या चाकराचे येणे खरे होते, कायदा त्याच्या बाजूने होता, आणि ते सोडून दिले असते तर त्याला तीन-चार महिन्यांच्या कमाईची झळ बसली असती. मिळालेली क्षमा त्याच्याकडून त्या झळेची अपेक्षा करीत होती. तो राजासमोर रडला होता, हे खोटे नव्हते. पण त्याने राजाचे ऐकले नव्हते.

आता त्या शनिवारच्या कुमसाराविषयी. ट्रेंटच्याच धर्मसभेने 1551 साली सांगितले की पापनिवेदनात पश्चात्तापी माणसाकडून तीन गोष्टी अपेक्षित असतात: मनापासून खेद, पापांची कबुली आणि झालेल्या अपराधाची भरपाई. चोरलेले परत करावे लागते, हिसकावलेले सोडावे लागते. पाद्रीच्या तोंडून क्षमेचे शब्द निघाले म्हणून चोरीचा माल आपला होत नाही. टोमणा मारणाऱ्या वाचकाला हे माहीत नसणे स्वाभाविक आहे. पण मला ते माहीत होते, मी ते मुलांना शिकवत होतो, आणि तरीही पुढची गोष्ट माझ्या हातून झाली.

आई वारल्यावर भाटाच्या, म्हणजे आमच्या माडांच्या बागायतीच्या, वाटण्या करायच्या होत्या. गोव्याच्या कायद्यात मुलगी आणि मुलगा यांचा हिस्सा सारखा असतो. या कायद्याचे गोव्याबाहेर फार कौतुक होते, आणि गोव्याच्या घरांत त्याला वळसा कसा घालायचा हेही पुष्कळांना ठाऊक असते. मी आणि माझा भाऊ यांनी बहिणीला बोलावून घेतले, तुझ्या लग्नात तुला सोने आणि सामान दिलेच आहे असे सांगितले, आणि चहाच्या पेल्याशेजारी कागद ठेवून हक्क सोडल्याची तिची सही घेतली. तिने तो वाचला नाही. मी मोठा भाऊ, शिवाय मास्तर. वाचायची तिला गरज वाटली नसावी. पुढची कित्येक वर्षे मी मीस चुकवली नाही, दोतोर्न शिकवली, चाकराचे गणित फळ्यावर घातले, आणि ही गोष्ट मला पाप वाटली नाही. घरातला व्यवहार म्हणून तिची नोंद मनात झाली होती.

एका कोरेज्मात मी दुसऱ्या गावच्या इगर्जीत कुमसाराला गेलो. प्रार्थनेत लक्ष लागत नाही, सुनेवर ओरडतो, अशा यादीच्या मध्ये मी ही गोष्ट ओझरती सांगितली. पाद्री वयस्कर होते. त्यांनी मला थांबवून एवढेच विचारले, ‘ती जमीन आज कोणाच्या नावावर आहे?’ मी सांगितले. मग त्यांनी बाकीच्या यादीकडे वळूनही पाहिले नाही. देव तुला क्षमा करण्यासाठी तुझ्या कागदांची वाट पाहत नाही, असे ते म्हणाले, आणि मला क्षमेचे शब्द दिले. पण तिचे तिला दे, असे सांगून त्यांनी प्रायश्चित्त म्हणून दुसरे काहीही सांगितले नाही. त्या दिवशी तीन ‘नमान मोरिये’ सांगितले असते तर ते मला फार परवडले असते. भाटाचा भाव तोपर्यंत पुष्कळ चढला होता. बाहेर येऊन मी खुरसाजवळ (क्रुसाजवळ) बसलो तेव्हा मला हलके वाटत होते आणि त्याच वेळी पोटात गोळाही आला होता, आणि या दोन्हींत विरोध नाही हे कळायला मला आणखी काही महिने लागले. ते महिने मी वकिलाला विचारण्यात घालवले, कारण कायद्याने आता काहीच करता येत नाही असे उत्तर मिळेल अशी मला आशा होती.

तसे उत्तर मिळाले नाही. माझ्या वाट्यातून जेवढे तिचे होते तेवढे मी तिच्या नावे करू शकत होतो. आमच्याकडे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असल्यामुळे पत्नीची सही लागणार होती. मी तिला समजावण्याची तयारी करून बसलो होतो, पण माझे अर्धे बोलणे व्हायच्या आतच तिने पेन मागितले. भावाने मात्र नकार दिला. त्याच्या नावावरचा भाग अजून त्याच्याच नावावर आहे. तो आणि मी आजही एकाच बाकावर बसून मीस ऐकतो, आणि त्याला काय ऐकू येते हे ठरवण्याचा अधिकार मला नाही, कारण इतकी वर्षे मलाही काही ऐकू आले नव्हते.

असे हस्तांतर ज्या दस्तऐवजाने करावे लागते, त्याला बक्षीसपत्र म्हणतात. निबंधक कार्यालयात बहिणीने या वेळी तो कागद पहिल्या ओळीपासून वाचला. त्या शब्दाशी ती थांबली आणि लिपिकाला विचारू लागली की येथे दुसरा एखादा शब्द घालता येईल का, कारण हे बक्षीस नाही, हे माझेच आहे. लिपिक म्हणाला, बाई, नमुना असाच आहे. तिने माझ्याकडे पाहिले, आणि माझ्याकडे सांगण्यासारखे काही नव्हते. मग तिने सही केली, कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि विचारले की भाटात नारळ पाडायला पाडेली आता कधी येणार आहे.

आपला नम्र,
एक ख्रिस्ती वाचक, तिसवाडी